सारिकाची व्हॅन तापते

शनिवार, १३ डिसेंबर २०२५. पहाटे थंडी फार. दूध पाऊण लिटरच मिळाले. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला सारिकाच्या व्हॅनमधून लोणावळ्याला निघाले. वलवणच्या चढाला गाडी तापून बंद पडली. या महिन्यात तिसऱ्यांदा. अकरा मुले पंचवीस मिनिटे रस्त्याच्या कडेला उभी. शाळा बुडाली नाही, प्रार्थना बुडाली. सीटखालचे झाकण पुसताना माझा पांढरा रुमाल खराब झाला. सोमवारी पालक दुसरी गाडी ठरवणार.

एवढं लिहून यशोधराबाईंनी पेनाला टोपण लावलं. आधी घडलं ते लिहावं, वाटलं ते मागाहून, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या या बाईंनी तो नियम नवरा गेला त्या दिवसाच्या पानावरसुद्धा पाळला होता. आज वाटलं ते लिहायला घेतलं असतं तर निब कागदातून आरपार गेली असती. त्यांनी डायरी मिटली.

राग सकाळपासूनचा होता. त्या जातीच्या व्हॅनला इंजिन पुढच्या सीटखाली असतं. यशोधराबाई नेमक्या त्याच सीटवर बसलेल्या, आणि कार्ले फाटा सोडून थोडं पुढे गेल्यापासून त्यांना खालून चुलीवर बसल्यासारखं वाटत होतं. सारिका इंजिनाच्या उष्णतेच्या काट्याकडे बघत होती. मागे अकरा मुलं पाढे म्हटल्यासारखी भांडत होती. सुट्टीवाल्यांच्या गाड्यांची रांग लागली, व्हॅन रांगेत अडकली, काटा लाल रेघेला टेकला आणि इंजिनाने मान टाकली.

सारिकाने मुलांना उतरवून कठड्याच्या आत ओळीने उभं केलं, सीट उचलली आणि वाफ जाईपर्यंत हात बांधून उभी राहिली. शेजारून जाणाऱ्या जीपवाल्याने काच खाली केली. "ताई, शिलाई मशीन घ्यायची की. ती चढावर तापत न्हाई."

मग तिथून हाकेच्या अंतरावर गॅरेज असलेला कैलास मोटारसायकलवर आला. आल्या आल्या त्याने यशोधराबाईंकडे बघून मान हलवली, जणू सारिका तिथे नव्हतीच. "मावशी, मी सांगून दमलो. क्लचवर पाय ठेवून चालवतात ह्या. बाईमाणूस चढाला घाबरतं. गाडी काय करणार?"

"दिवाळीच्या आधी नवी क्लचप्लेट टाकलीस," सारिका म्हणाली. "पाच हजार घेतलंस. त्याच्या आधी वॉटर पंप बदललास. त्याच्या आधी फॅनची मोटर. आता काय ऱ्हायलंय ते सांग, तेबी बदल."

"आता राहिला ड्रायव्हर," कैलास म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

सारिका कोण, हे मळवलीत कुणाला सांगावं लागत नाही. शेतघरांवर आणि बंगल्यांवर तिने अकरा वर्षं पाहुण्यांच्या चादरी धुतल्या. सोमवारी पाहुणे गेले की बंगल्याचं फाटक बंद व्हायचं, आणि चादरी ने-आण करायची व्हॅन आवारात रिकामी उभी असायची. तिच्यावर ती गाडी शिकली. आधी पुढे-मागे, मग आंब्याभोवती गोल, मग पाण्याच्या टाकीला न घासता रिव्हर्स. लायसन काढलं, बॅज काढला. नवरा सोपान आंबीच्या कारखान्यात रात्रपाळीला. तो म्हणाला, तुला जमतंय तर घे. चैत्रात तिने चौदा वर्षांची जुनी व्हॅन घेतली आणि जूनपासून कार्ले-मळवलीची मुलं लोणावळ्याच्या शाळेत सोडायला लागली. त्या रस्त्याला शाळेची गाडी चालवणारी ती एकटीच बाई. जुनी गाडी म्हटल्यावर खर्च येणार, हे ती जाणून होती. सरकत्या दाराचा रोलर गेला, सेल्फ गेला, सायलेन्सर गळून पडला, तेव्हा ती कुरकुरली नाही. पण हे तापणं जाईना. आणि प्रत्येक वेळी बोट तिच्या पायाकडे.

ती यशोधराबाईंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची. व्हॅन घ्यायची ठरली तेव्हा तिने बाईंनाच विचारलं होतं. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या, माणसं आवाजावरून ओळखणाऱ्या. श्रीपतीचं नाव त्यांनीच सुचवलं. हा श्रीपती पंचवीस वर्षं घाटात टुरिस्ट गाडी चालवलेला, आता कार्ले फाट्याला पत्र्याच्या शेडखाली जुन्या गाड्या विकणारा. बाईंच्या नवऱ्याला, भाऊंना, छातीत कळ आली तेव्हा भर गणपतीच्या गर्दीतून त्यानेच पुण्याच्या इस्पितळात पोचवलं होतं. त्या दुखण्यातून ते उठले आणि पुढे सहा वर्षं जगले.

शनिवारी दुपारी बाईंनी एप्रिलमधलं पान काढून बघितलं. 'सारिकाने श्रीपतीची व्हॅन बघितली. मी म्हटले, श्रीपती फसवणार नाही.' अक्षर सुबक होतं. त्यामुळे आणखीच चीड आली.

आणि चीड आणणारी आणखी एक गोष्ट होती, ती डायरीत नव्हती. ऑक्टोबरात त्या स्वतः सारिकाला म्हणाल्या होत्या, "अगं, क्लचवरून पाय काढत जा." एकदा नाही, तीन-चारदा. गाडी चालवता न येणाऱ्या बाईने.

राग आला की बाई काहीतरी धुवायला काढत. त्या रुमाल घेऊन मोरीत बसल्या. पिवळा, मळकट, तळहाताएवढा पसरलेला डाग. कैलास म्हणाला होता, गंजाचं पाणी आहे. बाईंनी डाग ओला करून कपड्यांच्या साबणाची वडी घासली, आणि डाग लालभडक झाला.

त्या थांबल्या. गंज साबणाला लाल होत नाही. साबण लावला की लाल होणारा डाग बाईच्या जातीने आयुष्यभर पदरावर, टॉवेलवर, मुलांच्या सदऱ्यांवर बघितलेला असतो. खात्री हवी म्हणून त्या उठल्या, मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद ओली करून रुमालाच्या दुसऱ्या टोकाला लावली आणि त्यावर वडी घासली. दोन्ही टोकं एका रंगाची झाली.

"सारिका," त्यांनी मागच्या दाराला हाक मारली. "इकडे ये. हे बघ आणि काय आहे सांग."

सारिकाने बघितलं. "हळद हाय की. भाजी सांडली व्हय?"

"तुझ्या गाडीतलं पाणी सांडलं."

सारिका खाली बसली. तिने रुमालाची दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून बघितली. "मावशी, घाटातलं ड्रायव्हर लोक पुडी ठेवत्यात गाडीत. रेडिएटर गळाया लागला की चमचाभर हळद टाकायची. फुगती, भोक बुजतं. गॅरेज गाठंस्तोवर चालतं. बंगल्यावरचा ड्रायव्हर सांगायचा."

"आणि गॅरेज न गाठता तशीच ठेवली तर?"

"मग आतल्या नळ्याबी बुजत्यात. पाणी फिरत न्हाई." तिने हातातला रुमाल पिळला. "मंग गाडी तापती. कुणाचाबी पाय कुटंबी असू दे."

बाईंनी पातळ बदललं. सोमवारची बैठक ज्यांच्या ओसरीवर होणार होती ते धोंडिबा आबा कार्ल्यात राहत. त्यांच्या दोन नाती सारिकाच्या गाडीत होत्या आणि 'बाईच्या हाती गाडी दिली की असंच' हे वाक्य त्यांनीच गावभर फिरवलं होतं. बाई रिक्षाने त्यांच्याकडे गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आबा, उद्या दहा वाजता श्रीपतीच्या शेडवर या. ठरवायचंच असेल तर डोळ्यांनी बघून ठरवा."

मग कैलासला फोन. "उद्या रविवार आहे, मावशी."

"माहीत आहे. मी तारखा लिहिते."

रविवारी दहाला सगळे शेडखाली जमले. श्रीपतीने खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला. बाईंनी चहा नको म्हटलं. "कैलास, रेडिएटरची खालची नळी काढ. घमेलं लाव."

"वहिनी, रविवारचं काय हे," श्रीपती म्हणाला. "गाडीत कायबी दोष न्हवता. मी मुंबईपत्तूर नेलीया ती."

"काढ, कैलास."

नळी सुटली. आधी थोडं पाणी आलं, मग ते थांबलं, आणि मग कैलासने तार घातल्यावर पिठल्यासारखा पिवळा गाळ घमेल्यात पडायला लागला. थोडाथोडका नाही. ऊन पडलेलं होतं, सगळ्यांना रंग दिसला. बाईंनी पिशवीतून साबणाची तीच वडी काढली, चिमूटभर गाळ आपल्या तळहातावर घेतला आणि त्यावर घासली. तळहात लाल झाला. त्यांनी तो आधी आबांपुढे धरला, मग कैलासपुढे, मग श्रीपतीपुढे.

श्रीपतीने घसा खाकरला. "पूजेची असंल. गाडी दिली तवा हळद-कुंकू वाह्यलंतं की आपण."

"गाडीची पूजा बाहेरून करतात, श्रीपती. पाव किलो हळद तिला पाजत नाहीत."

आबा हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

"वहिनी, गळत होता जरासा," श्रीपतीचा आवाज आता मऊ झाला. "जुन्या गाडीत समदेच करत्यात. गिऱ्हाईक आलं की तेवढ्यापुरतं... आता तुमी हे असं चारचौघांत. भाऊंना मी कसं नेलतं, आठवा. सिग्नल बघितला न्हाई, काय न्हाई."

हे येणार, हे बाईंना ठाऊक होतं. रात्रभर त्यांनी त्याचीच वाट बघितली होती. "आठवतं," त्या म्हणाल्या. "तो उपकार माझ्यावर होता. तो सारिकाकडून वसूल करायला तुला कुणी सांगितलं? तिच्या गाडीत अकरा पोरं असतात. घाटाच्या रस्त्याला, गाड्यांच्या रांगेत, उकळत्या पाण्यावर बसलेली. तुला वाट माहीत होती, चढ माहीत होता, गाडी कशाला घेतेय तेही माहीत होतं. मी तुझं नाव घेतलं म्हणून तिने दुसरीकडे बघितलं नाही. नवा रेडिएटर आत्ता बसव. जुना नको, दुरुस्त केलेला नको."

"रविवारी कुटं मिळणार?"

"तळेगावात मिळतो," कैलास हळूच म्हणाला. कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता तो घमेल्याकडे बघत होता.

"आन् तू," सारिका पहिल्यांदाच बोलली, "माझी जुनी क्लचप्लेट कुटंय?"

"ती भंगारात गेली, ताई."

"का चांगली हुती म्हणून कुनाच्या गाडीत गेली?"

कैलास घमेलं उचलून रिकामं करायला गेला. सारिकाने तेच उत्तर धरलं आणि पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर दिवसभर ती त्याला पाना द्यायचा तर हातात देत नव्हती, जमिनीवर ठेवत होती.

श्रीपतीने शेडमधलीच एक गाडी काढली, तळेगाव गाठलं आणि दीड वाजता नवा रेडिएटर घेऊन आला. चार हजारांचा होता, हे त्याने तीनदा सांगितलं. कैलासने तो बसवला आणि मजुरी मागितली नाही. माफी कुणीच मागितली नाही.

गाडी सुरू झाल्यावर आबा म्हणाले, "आसं रिकामी चालवून कसं कळायचं? पोरांचं वजन पायजे."

"माझी पोरं म्हंजे तुमच्या तराजूची वजनं न्हाईत, आबा," सारिका म्हणाली.

आबांनी घरून इंद्रायणी तांदळाची सात पोती आणवून व्हॅनमध्ये टाकली आणि स्वतः पुढे, इंजिनावरच्या सीटवर बसले. बाई मागे पोत्यावर बसल्या. त्या वयात पोत्यावर कशाला, असं सगळे म्हणाले. त्या बसल्या.

सुट्टीवाल्यांची परतीची रांग होती. वलवणच्या चढाला गाडी तीनदा थांबली, तीनदा निघाली. आबा काट्याकडे बघत नव्हतेच. मान वाकडी करून ते सारिकाच्या डाव्या पायाकडे बघत होते, शाळामास्तर वहीकडे बघतो तसे. तिने क्लच दाबायचा तेव्हा दाबला, सोडायचा तेव्हा सोडला, आणि मधल्या वेळात पाय खालच्या पत्र्यावर सरळ ठेवला.

चढ संपला. काटा निम्म्यावर होता.

"पाय तर खालीच आसतोय की," आबा म्हणाले.

"आठ महिनं खालीच हाय," सारिका म्हणाली. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि त्यांच्याकडे वळली. "पोरी माझ्याच गाडीत येणार का, ते आत्ता सांगा. उद्या ओसरीवर न्हाई. मी तितं येणार न्हाई."

आबांनी टोपी काढून परत घातली. "येतील. मी समद्यास्नी सांगतो."

"आन् गावात बोललात ते?"

"तेबी सांगतो," ते शेवटी म्हणाले. सारिकाचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. तिने गाडी वळवली.

घरी आल्यावर बाई तिच्या दाराशी थांबल्या. "सारिका, क्लचवरून पाय काढ, असं मी तुला म्हणाले होते. ते माझं चुकलं."

सारिकाने चपला काढल्या. "लय वेळा म्हणालात, मावशी," ती म्हणाली आणि आत गेली. दार तिने आपटलं नाही, पण ओढून घेतलं.

यशोधराबाईंनी घरात येऊन हात धुतला, तळहातावरची लाली दोनदा धुतल्यावर फिकट झाली. डायरी उघडली आणि घडलं ते सगळं लिहिलं, पोत्यांच्या संख्येसकट, आणि ऑक्टोबरात आपण काय म्हणालो तेही. श्रीपतीबद्दल एप्रिलमध्ये लिहिलेलं वाक्य खोडलं नाही. त्याच्यापुढे फक्त आजची तारीख घातली. शेवटची ओळ लिहिली:

कपड्यांच्या साबणाची वडी संपली. नवी काढली.