पाळण्याशेजारचा तक्ता

माझी नोकरी दुसऱ्याच्या कामात खोट काढायची. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनतात अशा एका कारखान्यात मी तपासणीवर आहे. कामगार तोंडावर साहेब म्हणतात, पाठ फिरली की काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण आपल्याला कुणी गंडवू शकत नाही, असा माझा पक्का समज होता.

वर्षातून दोनदा गिऱ्हाईक कंपनीचा माणूस ऑडिटला येतो. आदल्या दिवशी फरशी धुतात, पिवळे पट्टे नव्यानं रंगवतात आणि नको असलेला माल ताडपत्री टाकून कँटीनमागं नेऊन ठेवतात. मशीनशेजारी तासातासाच्या नोंदींचा तक्ता लावलेला असतो, तोही एकाच पेनानं एका बैठकीत भरून टाकतात. माणूस खूश होऊन जातो आणि ताडपत्री निघते. एखाद्या मशीनवर दुपारची नोंद सकाळीच भरलेली सापडली की मी त्या ऑपरेटरला उभा-आडवा घेतो. हा माझा हातखंडा.

पोरगी झाली ती बायकोच्या माहेरी. तीन महिन्यांनी दोघी गारखेड्याला आमच्या घरी आल्या. आल्या आल्या आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी बजावून सांगितलं, बाळाला झोपवायचं ते पाठीवरच. गादी टणक आणि सपाट. उशी नको, गोधडी नको, लोड नको, खेळणं नको. तोंडावर काही आलं तर एवढ्या जिवाला ते बाजूला सारता येत नाही, श्वास अडकतो. बायको शेजारीच बसली होती. प्रत्येक वाक्याला तिनं मान डोलावली. मी बघितलंय.

मेहुणीकडून लाकडी पाळणा आणला होता, झोक्याचा नव्हे, चार पायांचा, गजांचा. मी कारखान्यातून सहा सेंटिमीटरचा ठोकळा करून आणला आणि प्रत्येक दोन गजांच्या मधून घालून बघितला. ठोकळा आरपार गेला तर फट मोठी. दोन ठिकाणी गेला. तिथं पट्ट्या ठोकल्या, कानशीनं कडा घासल्या, स्क्रू आत बसवले. गादी पाळण्याच्या मापाची शिवून घेतली, कडेला दोन बोटंसुद्धा शिरू नयेत अशी. बायको हसली. म्हणाली, "अहो, पोरगी आहे ती, पिस्टन नाही." मला ते हसणं लई आवडलं होतं.

मग मी तक्ता केला. पाळण्याशेजारच्या भिंतीवर चिकटवला. पाठीवर झोपवलं, पाळण्यात काही नाही, तोंड उघडं, कूलरचा झोत अंगावर नाही. खाली रोजच्या चार चौकटी: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. बायकोनं बरोबरची खूण करायची, आठवडा संपला की खाली मी "तपासलं" लिहून सही करायची आणि कागद फाईलला लावायचा. वेडेपणा म्हणा हवं तर. एवढा जीव हातात आला की माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. मला तक्ते येतात.

आठवड्यानं वैजापूरहून माझी माय आली, सुनेच्या हाताखाली मदतीला. पिशवीतून तिनं मोहरीची उशी काढली, स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्याची. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आमच्याकडं ही उशी देतातच. बरोबर गोधडी, आणि दृष्ट लागू नये म्हणून गादीखाली ठेवायला घरची जुनी सुरी. मी सगळं उचललं आणि माळ्यावर टाकलं.

"अरं, शिपाई झोपवायलास व्हय उघड्या गादीवर?" माय म्हणाली. "चपटं डोकं घेऊन फिरंल पोरगी. मग बस मोजत तुझा ठोकळा घेऊन."

"माय, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरीन न्हाऊ घालायला येती का?"

मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "आत्याबाई, आता असंच करतात." झालं. मला वाटलं, आपली बायको आपल्या बाजूनं उभी राहिली. त्या एका वाक्यावर मी पुढचा दीड महिना निवांत काढला.

रोज संध्याकाळी घरी आलो की पाळण्यात पोरगी पाठीवर, हातपाय मोकळे, दुसरं काही नाही. भिंतीवर खुणा नीट केलेल्या. त्यात आणखी एक गोष्ट व्हायची. शिफ्ट सुटली, मी बसमध्ये बसलो की बायकोचा फोन यायचा. "निघालात का? कुठवर आलात?" लग्नाला चार वर्षं झाली होती, तिनं असं कधी विचारलं नव्हतं. बसमधले चिडवायचे, "साहेब, वहिनींचं ऑडिट आलं." मी लाजायचो. खरं सांगतो, त्या फोनसाठी मी खिडकीची जागा धरायचो, आवाज नीट यावा म्हणून. बाप झाल्यावर बायको जवळ येते म्हणतात, ते हेच, असं मला वाटायचं.

एका बुधवारी कारखान्यातला पत्रा दाबायचा प्रेस बंद पडला. दुरुस्तीचा माणूस दुसऱ्या दिवशीच येणार होता, म्हणून आम्हाला जेवणाच्या सुट्टीनंतर सोडलं. मी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून क्रांती चौकापर्यंत आलो, तिथून रिक्षा. अचानक जाऊन चकित करावं म्हणून फोन केला नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. माय पाळण्याशेजारी खाली बसून मेथी निवडत होती. पाळण्यात मोहरीची उशी. दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या. वर एक जाड मऊ पांघरूण थेट पोरीच्या नाकापर्यंत, कारण कूलर तिच्याकडं फिरवलेला होता. तिचं तोंड मला दिसेना. मी चप्पल न काढता तसाच धावलो आणि ते पांघरूण ओढून काढलं. ती लालबुंद झाली होती, कपाळाला केस चिकटले होते. छाती हलते का ते बघत उभा राहिलो. हलली. तिनं ओठ चोखले आणि पुन्हा झोपली.

"लवकर आलास?" माय म्हणाली. "जेवलास का?"

मी पोरीला उचलून घेतलं. दुसऱ्या हातानं उशी भिरकावली. गादीवर हात टेकला तर खाली काहीतरी लांबट टणक लागलं. गादीखाली सुरी होती.

बायको स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन आली आणि दारातच थबकली. मी तिच्याकडं बघितलं नाही, भिंतीकडं बघितलं. बुधवारच्या दुपारची खूण होती. संध्याकाळची होती. रात्रीचीही होती. गुरुवारच्या चारही चौकटी भरलेल्या होत्या. दुपारचे दोन वाजले होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तिला कशाला बोलतोस," माय म्हणाली. "मीच म्हनले. मी आले तवापासून. तू गेलास की काढायचं, तू यायच्या आधी वर ठिवायचं. कुनाचं काय बिघडलं? तुला बी त्याच उशीवर वाढवलंय, तू काय मेलास का?"

मायवर मी चिडलो, पण तिचं मला समजत होतं. तिनं कधी होकार दिलाच नव्हता. बायकोनं दिला होता. डॉक्टरीणबाईंसमोर मान हिनं डोलावली होती. "आता असंच करतात" हे हिनं म्हटलं होतं. आणि मग तिथंच उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख झालं.

"फोन," मी म्हणालो. "तो फोन यासाठी करायचीस?"

तिनं ओले हात पदराला पुसले. म्हणाली, "तुमची गाडी बाबा पेट्रोल पंपाच्या थांब्यापर्यंत आली म्हणालात की सगळं वर ठेवायला वेळ मिळायचा."

तोंडात मारावी तसं झालं. पोरीच्या अंगावरचं पांघरूण बघून मी घाबरलो होतो, इथं मात्र मला रडू आलं, आणि ते मी मायसमोर गिळलं. मी फसलो होतो. मी यायच्या आधी माझ्याच घरात ताडपत्री टाकत होते आणि मी गेलो की काढत होते. ऑडिटला येणारा माणूस मीच होतो.

मी तोंडाला येईल ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि मग एकदाच बोलली. "तुम्ही दहा तास बाहेर. मी दहा तास त्यांच्याबरोबर. त्यांना नाही म्हटलं की दिवसभर अबोला, तुम्हाला नाही म्हटलं की संध्याकाळ खराब. तुम्हाला खुणा हव्या होत्या, मी दिल्या. तुम्ही रोज भिंत बघायचात. पाळण्यात हात कधी घातला? सुरी तर गादीखालून आम्ही कधी काढलीच नव्हती."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण म्हणून माफही करवलं नाही. अबोल्याला घाबरून पोरीचं नाक झाकायचं असतं का? हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माय वैजापूरच्या एसटीत बसली. उशी आणि सुरी तिनं पिशवीत घातली. निघताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या संध्याकाळी मी फाईल काढून बसलो. सहा कागद होते. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या. कारखान्यात मला हे दहा पावलांवरून कळलं असतं. आणि प्रत्येक कागदाखाली, "तपासलं", माझी सही. पोरीला काही झालं असतं ना, तर काहीच चुकलं नव्हतं असं सांगणारे सहा कागद माझ्याकडं होते, माझ्याच सहीचे. ते मी फाडले. भिंतीवरचाही ओरबाडून काढला, त्याच्याबरोबर थोडा रंग निघाला.

आता पाळणा खरंच रिकामा असतो. मला माहीत आहे, कारण घरी आलो की मी हात न धुता आधी गादीखाली हात घालतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायको स्वयंपाकघरातून बघते. गादी सपाट असते, पोरगी पाठीवर असते, तोंड उघडं असतं. मला हवं होतं तसंच सगळं.

बसमध्ये मी अजूनही खिडकीशीच बसतो. फोन वाजत नाही.