गायरानातल्या सळया आणि रफीक सर

रफीक सर गेले, हे बाबांना अजून पटलेलं नाही.

दुःख वगैरे नंतर. आधी संशय. आमच्या घरची रीतच ती.

सर दिग्रसचे. मृदसंधारणाचं काम करायचे. घाटंजीजवळच्या आमच्या गायरानात आले आणि उतारावर लोखंडी सळया ठोकायला लागले. पावसात सळई जितकी उघडी पडेल, तितकी माती वाहून गेली. त्यावरून पुढच्या वर्षांचा अंदाज.

गावाचं गणित याहून सोपं. गायरानात सळया कोण ठोकतो? ज्याला ते घ्यायचं असतं तो!

सोलर कंपनीचा माणूस, हे गावात एका दिवसात पक्कं झालं.

आमचं घर शेळ्यांवर. गायरान गेलं की आम्ही गेलो.

मग बाबांनी डोकं चालवलं. सळई वर दिसली की शेळ्यांनी चरून माती मोकळी केली, असा आळ येणार. पावसाळाभर त्यांनी दगडानं ठोकून सगळ्या सळया परत खाली बसवल्या.

सरांचा अंदाज एकदम फर्स्ट क्लास आला. माती जागच्या जागी!

फक्त खालचा तलाव गाळानं भरत चालला होता.

सर काठावर उभे राहून बाबांकडे बघत राहिले.

"मले काहून पाहता?"

"काका, वरून माती गेलीच नाही, तर हा गाळ आला कुठून?"

"आभायातून."

सर इतके हसले की बाबांनाही हसू आवरेना.

नव्या सळया लागल्या. आता खरा अंदाज आला, आणि तो वाईट होता. असंच चाललं तर तलाव बुजणार, शेळ्यांना पाणी उरणार नाही. म्हणून पावसाळ्यात अर्धा उतार बाभळीच्या काट्या लावून बंद ठेवायचा.

बाबा भडकले. "बंद झालेलं गायरान परत उघडलेलं कोणी पाह्यलं का?"

"मी उघडीन काका. स्वतः येऊन."

दर दसऱ्याला यायचे. स्वतःच्या हातानं काट्या ओढायचे. आणि दर दसऱ्याला बाबा सकाळपासून वाटेवर नजर लावून म्हणायचे, "नाही येत पाह्यजो आता."

आज दसरा. फोन आला तो सरांच्या मुलीचा. सर गेले, म्हणाली.

"खरं बोलून राह्यली का थे? का उघडाचं नाही म्हून सांगते?"

मी फोन बाबांच्या कानाला लावला. ती रडत होती.

तरी बाबा शेळ्या घेऊन निघालेच. मागोमाग मी. काट्यांच्या आत गुडघाभर गवत, बाहेर शेळ्यांचा आरडाओरडा. मी काटी ओढायला वाकले, तर बाबांनी हात धरला.

"आज नोको. सराची वाट नाही पाह्यली, म्हणतीन लोकं."

सर, शेळ्या आज बाहेरच राहिल्या.
आमच्या घराचा तुम्हाला शेवटचा सलाम.