आत्तींचं काउंटर आणि नाईकमामा

नाईकमामा घरात आले की आधी माणसांशी बोलत नसत. चपला काढायच्या, पिशवी दाराशी ठेवायची आणि घरात जेवढं म्हणून जुनं लाकूड असेल त्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करत हिंडायचं, असा त्यांचा शिरस्ता. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा देव्हारा झाला, माझ्या माहेरचा पाट झाला, शेवटी ओट्यावरचा पोळपाटही त्यांनी वाजवून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याची सर्व्हिस किती झाली?" पोळपाटाची सर्व्हिस मी कुठे मोजली होती! म्हटलं, "लग्नात आलाय." "म्हंजे तुमच्याएवडीच," असं म्हणून त्यांनी तो जागेवर ठेवला.

फौजेत सुतारकाम करून ते नाईक म्हणून निवृत्त झाले होते. साताऱ्यात निवृत्त फौजी दिसला की लोक मान म्हणून सरसकट सुभेदार म्हणतात. मामांना ते खपत नसे. "सुभेदार म्हनू नगा. खरा सुभेदार कुटं ऐकत असंल तर मला सॅल्यूट मारायला लावंल," असं ते प्रत्येकाला सांगत. त्यामुळे आमच्या सगळ्या गोडोली भागात ते नाईकमामाच झाले. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं आणि त्यात लोकांनी माळ्यावरून, गोठ्यातून काढून आणलेल्या वस्तू दाटीवाटीनं उभ्या असत. झोपाळ्याची पाटी, शाळेतलं बाक, दुभत्याचं जाळीचं कपाट. मामा त्यांना जुन्या वस्तू म्हणत नसत. "हे बाक शाळेतनं रिटायर झालंय. आता सैपाकघरात पोस्टिंग हाय त्येचं," अशी त्यांची भाषा.

मात्र पोस्टिंग म्हणजे ड्यूटी आलीच, यावर ते अडून बसत. एकदा माझ्यादेखत एक हौशी जोडपं बैलगाडीचं चाक घेऊन आलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगायचं होतं त्यांना, वर दिवे लावून. मामांनी चाक फिरवून बघितलं, हात झटकले आणि म्हणाले, "चाक काय आजोबांचा फोटो हाय व्हय टांगायला? काम सांगा त्येला कायतरी." जोडपं चाक घेऊन परत गेलं.

मी त्यांच्याकडे गेले ते हौसेनं नव्हे. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, कवठे महांकाळजवळच्या वस्तीवर एकट्याच राहत होत्या. एकदा न्हाणीत पडल्या आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून होत्या. त्यानंतर त्यांना साताऱ्याला आणायचं आम्ही ठरवलं. दोनदा आणलंही. दोन्ही वेळा आठ दिवसांत पिशवी भरून त्या एसटी स्टँडवर. भांडण नाही, तक्रार नाही. दुसऱ्यांदा मी रडकुंडीला येऊन विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुजं घर झ्याक हाय गं. पर दिवसभर हात कुटं ठिवू?" आमच्या स्वयंपाकघरात सगळ्या ट्रॉल्या. एक ओढली की चमचे, दुसरी ओढली की ताटं, आणि आत्तींना हवं ते नेहमी तिसरीत. तिसऱ्यांदा त्या परत गेल्या तर पुन्हा येणार नाहीत, हे मला कळत होतं. आणि पुन्हा एकट्या असताना पडल्या तर काय, हा विचार मला ऑफिसात फाइल उघडी ठेवून बसवत होता.

वस्तीवर त्यांच्या स्वयंपाकघरात एक सागवानी काउंटर होतं. मामंजींनी मेंढरं राखायचं सोडल्यावर गावात किराणा दुकान टाकलं होतं, त्यातलं. पुढे छोट्या छोट्या खणांच्या दोन रांगा. दुकान बंद झालं आणि आत्तींनी ते घरात ओढून घेतलं, खणांत मिरच्या, हळकुंडं, लसूण भरला. तेच काउंटर साताऱ्याला आणून आमच्या किचनमध्ये बसवावं, असं माझ्या मनात आलं. आमचे हे म्हणाले, "अगं, ते धूड कुठं ठेवणार?" मी म्हटलं, ते मामा बघतील.

मामांची एक अट असे. ज्या बाईसाठी काम करायचं, तिच्या हातचा चहा आधी प्यायचा, तोही तिच्या चुलीपाशी. टेपनं भिंत मोजता येते, बाई मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती वाकते किती, हात कुठवर नेते, डबा न बघता कुठला काढते, हे ते चहा होईतो बघत आणि खिशातल्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं खुणा करत. म्हणून आम्ही त्यांना घेऊन वस्तीवर गेलो. आत्तींनी काउंटरवर स्टोव्ह ठेवून चहा केला. मामांनी मन लावून पाहिलं, कोपराशी पट्टी धरली आणि काउंटरवर टकटक करून म्हणाले, "लय इमानी लाकूड हाय. आक्का, ह्येची बदली साताऱ्याला. तुमी संगट या म्हंजे झालं."

काम त्यांनी फार सुंदर केलं. काउंटरच्या पायांखाली ठोकळे घालून ते आत्तींच्या कोपराच्या मापाला आणलं, वर शेगडीपुरता कडाप्पा बसवला, खणांच्या जुन्या पितळी कड्या चिंचेनं घासून तशाच ठेवल्या. खिडकीशी ते उभं राहिलं तेव्हा आमचं ते दवाखान्यासारखं पांढरं स्वयंपाकघर एकदम घरातलं वाटायला लागलं. शेजारणी बघून गेल्या. आत्ती आल्या, काउंटरवरून हात फिरवला, खण उघडून पाहिले, डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलं.

पाचव्या दिवशी ऑफिसातून लवकर आले तर स्वयंपाकघरात कोणी नाही. मागच्या गॅलरीत दार लोटून आत्ती फरशीवर बसलेल्या. पुढ्यात परात, शेजारी वाळवणाच्या दिवसांत काढायची छोटी शेगडी जमिनीवर, आणि भाकऱ्या चाललेल्या. मला बघून चोरी पकडल्यासारख्या गडबडल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्तींनी जन्मभर बसूनच स्वयंपाक केला होता. त्यांच्या गुडघ्यांना उभं राहणं सोसतच नव्हतं. वस्तीवर त्या काउंटरचा उपयोग फक्त खणांपुरता होता. मग त्या दिवशी चहा उभ्यानं का केला? मी विचारलं तर माझ्याकडेच वेड्यासारख्या बघत म्हणाल्या, "परका बाप्या फुड्यात उबा. मी काय फतकल मारून बसू?"

आणि मला तरी तेव्हा ते कुठे खटकलं होतं? डोक्यावरून पदर घेऊन सासूबाई पाहुण्यासमोर उभ्या राहिल्या, यात मला काहीच नवल वाटलं नव्हतं.

मामांना सांगायला गेले तेव्हा ते रंधा मारत होते. ऐकलं आणि रंधा खाली ठेवला. भुशात बोट फिरवू लागले. "म्हंजे आक्का माज्यासाटी सावधानमदी उबी व्हती. आन मी त्येच माप धरलं," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "किती घरांत आसं झालं आसंल, देव जानं." त्यांचा चेहरा पाहून मला उगीच आले असं झालं. पण लगेच उठले आणि पट्टी माझ्या हातात दिली. "मला बगून त्या उटनार. माप तुमी घ्या. पर त्यास्नी कळू देऊ नगा."

मग काय, दुसऱ्या दिवशी आत्ती गॅलरीत पीठ मळत असताना मी केर काढायचं सोंग केलं. कुंचा टाकायचा, पट्टी लावायची, पुन्हा कुंचा उचलायचा. चार वेळा तीच जागा झाडल्यावर आत्ती म्हणाल्या, "फरशी निगंल की गं."

माप तर मिळालं, पण खरा पेच पुढेच होता. जुन्या लाकडाच्या पायाला करवत लावायची नाही, हा मामांचा नेम. एका डॉक्टरीणबाईंनी टेबल बुटकं करून मागितलं म्हणून त्यांनी ते काम सोडून दिलेलं मला ठाऊक होतं. ठोकळे काढूनही काउंटर हातभर उंचच राहत होतं. मामा आमच्या किचनमध्ये त्याच्यापुढे उकिडवे बसले. मी म्हटलं, "मामा, राहू द्या. दुसरं काहीतरी नवं करू." त्यांनी मान हलवली. "ह्येची सर्व्हिस मोटी हाय, मान्य. पर आक्काची त्याच्यापरास मोटी हाय." आणि त्यांनी करवत काढली. चारही पाय कापले. कापलेल्या तुकड्यांचं एक बसकं बाकडं करून दिलं, आत्तींना त्यावर टेकून गुडघे सरळ ठेवता येतील असं. आणि आत्ती देवळातून परतायच्या आत निघून गेले.

त्यानंतर आत्तींनी एसटी स्टँडचं नाव काढलं नाही. उलट मीच सकाळी मधे मधे केलं की, "सरक तिकडं," असं ऐकून घ्यायला लागले. कुठल्या खणात काय आहे ते आता मला विचारावं लागतं. दोन वर्षं झाली याला.

गेल्या महिन्यात मामा निरोप घ्यायला आले. डोळ्यांमुळे बारीक काम होईना, म्हणून शेड बंद करून म्हसवडला भावाकडे चालले होते. तिथे डाळिंबाची बाग आहे, त्यात लक्ष घालणार म्हणाले. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं त्यांना सांगितलंही. बोलत बोलत आम्ही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलो, आणि आत आत्ती भाकरी थापत होत्या. मामा चटकन मागे फिरले. "ऱ्हाऊ द्या सूनबाई, आक्का उटतील."

आत्तींनी मान वर केली. पिठाचा हात पदराकडे गेला, पदर सारखा झाला. आत्तींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आवं भाऊ, उबं का? बसा की. गरम गरम खावा."

मामा त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. आत्तींचे हात बघत त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.