चैतरामच्या पायाचा अंगठा

घराचा जुना सागवानी दरवाजा आणि त्याच्या खाली दोरीनं आवळलेले थर्माकोलचे जाड ठोकळे, अशी चैतरामची फळी होती. वैनगंगेच्या घाटावर चहा विकणारा प्रेमलाल म्हणायचा, "काका, घराले दार नाही उरलं म्हणून काकू तुमाले हाकलत असंल."

भरवेलीच्या खाणीत चैतरामनं तीस वर्षं ड्रिल मशीन चालवली. निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं, आता उरलेला दिवस आभाळाखाली काढायचा. रोज सकाळी पाय पुढे पसरून तो फळीवर बसायचा, बांबूचं वल्हं दोन्ही हातांनी चालवायचा आणि गळाला लावलेली मासोळी मागून ओढत न्यायचा. पाणी निवळ असलं की जिवंत मासोळी, पाठीतून टोचलेली, म्हणजे तिची तडफड दूरवर दिसते. पाणी गढूळ असलं की मेलेली. तिचं तोंड तो शिवून टाकायचा, नाहीतर ती भोवऱ्यासारखी फिरते आणि दोऱ्याला पीळ पडतो.

हात वल्ह्यात गुंतलेले, म्हणून दोरा उजव्या पायाच्या अंगठ्याला. मरळ झटका देते, मिशावाला मोठा पढीन सावकाश ओढत नेतो, हे त्याला अंगठाच सांगायचा. तोंड मोकळं असायचं, म्हणून चैतराम काठावरच्या प्रत्येकाशी ओरडून गप्पा मारायचा.

यंदा दिवाळीनंतर मात्र दोन महिने काहीच लागलं नाही. "नदीच रिकामी झाली," तो सगळ्यांना सांगू लागला.

एका दुपारी जिजाबाईला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. ती ठशांमागून गेली, तर नवरा पलंगावर आरामात पाय हलवत बसलेला.

"अजी, पायाले काय लागलं?"

"कुठं काय?"

अंगठ्याला दोरा काचून खोल चीर पडली होती. चैतराम त्या चिरेकडे बघतच राहिला. एवढी चीर पडायला मासा मोठाच हवा. म्हणजे मासे नदीत होते, ओढतही होते. त्यालाच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी पायाला सुई टोचून पाहिली. रक्तातल्या साखरेमुळे पायाची जाणीव गेली होती. पायाला जखम होऊ द्यायची नाही, असं त्यांनी बजावलं.

"झालं तुमचं नदी-नदी," जिजाबाई म्हणाली. "उघडा पाय आता पाण्यावर जाणार नाही."

जखम भरेपर्यंत चैतराम घरातच होता. मग कॅनव्हासचे बूट आणून त्यानं तिची परवानगी काढली आणि दोरा फळीच्या खिळ्याला बांधून त्याला घुंगरू अडकवलं. मासा लागून घुंगरू वाजलं, ते घाटावर प्रेमलालला ऐकू आलं. प्रेमलाल ओरडला, तेही चैतरामला ऐकू आलं नाही. ड्रिलनं त्याचे कान कधीच खाल्ले होते; जवळून मोठ्यानं बोललेलं तेवढं कळायचं.

"पाय बहिरा, कानही बहिरे," जिजाबाई म्हणाली. "तोंड तेवढं चांगलं आहे."

चैतराम हसला नाही. फळी त्यानं अंगणात उभी करून ठेवली.

आठ दिवसांनी जिजाबाई वाकळ शिवत बसली होती. हात कापड ताणण्यात, म्हणून धागा ओठात धरलेला. चैतराम तिच्यामागून पाणी प्यायला निघाला, तशी ती ओठ न उघडता गुरगुरली. मग धागा काढून म्हणाली, "पाय काढा ना. धाग्यावर उभे आहात."

"तुले कसं समजलं? तुयी तं पाठ होती."

"ओठाले समजते."

चैतराम पाणी प्यायचं विसरला. त्यानं धाग्याचं टोक स्वतःच्या ओठात धरलं आणि दुसरं तिच्या हातात दिलं. "ओढ. हळू. अजून हळू." तिनं नखानं नुसतं टिचकावलं. ते त्याला कळलं.

दुसऱ्या सकाळी फळी पाण्यात होती. दोऱ्याचं टोक खिळ्याला, मध्ये हातभर ढील, आणि त्या सैल दोऱ्याचा पुढचा भाग ओठात. मोठा मासा ओढेल तेव्हा दोरा ओठांतून निसटेल आणि भार खिळ्यावर जाईल. गळाला जिवंत मासोळी होती.

फळी घाटाला अगदी खेटून चालली होती, तेवढ्यात प्रेमलाल हात हलवत ओरडला, "काका, लागलं का काही?"

"अजून नाही," चैतराम म्हणाला, आणि दोरा ओठांतून गळून पडला. गळ ओढून पाहिला, तर मासोळी अर्धी खाल्लेली. त्यानं नवी लावली आणि ओठ घट्ट मिटले.

परतताना प्रेमलालनं पुन्हा विचारलं. उत्तर नाही. "काका, राग आला का?" उत्तर नाही. प्रेमलाल बिचारा शेगडी सोडून पायरीपर्यंत आला. उभ्या जन्मात हा माणूस इतका वेळ गप्प बसलेला त्यानं पाहिला नव्हता.

चैतरामनं वल्हं थांबवून एक हात वर केला, थांब म्हणून. दोरा ओठांवर हळूच सरकत होता, झटका नाही, नुसती सावकाश ओढ. पढीन होता. सगळ्या घाटाला ओरडून सांगावंसं त्याला वाटलं, पण दोरा आपणहून निसटेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही.