पुस्तकातली वाट मोजणारी मीनल

मंगळवारी सकाळी दहाला मीनल मुलीला, इराला, घेऊन माझ्याकडे यायची. आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत ती माझ्या वरच्या मजल्यावर राहायची, त्यामुळे उशीर व्हायचं कारणच नव्हतं. त्या मंगळवारी मी बाराव्या प्रकरणाचे प्रश्न लिहून बसले होते. सव्वादहा झाले, वीस झाले... मग तिच्या नवऱ्याचा, संदीपचा, फोन आला. "काकू, मीनलला अॅडमिट केलंय. सकाळी ओट्यापाशी पडली. इरा घरी एकटीच आहे, तिला तुमच्याकडे न्या." मी वर गेले. अकरा वर्षांची इरा वही घेऊन तयार बसली होती. "आज बारावं प्रकरण आहे ना, आजी?" तिने विचारलं. मी म्हटलं, आज राहू दे. मेंदूत रक्तस्राव झाला होता. गुरुवारी दुपारी मीनल गेली. एक्केचाळीस वर्षांची होती. याला आता नऊ आठवडे होतील.

मीनल माझी नातेवाईक नव्हती आणि सुरुवातीला मैत्रीणही नव्हती. मी शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली, आणि ती एका खासगी मोजणीदाराकडे जमिनीचे नकाशे काढणारी. माहेर देवळ्याचं. वडील कांद्याच्या व्यापारात, त्यामुळे वर्षभर आमच्या जिन्यात तिच्या माहेरच्या कांद्यांची पोती असायची आणि त्यातले माझ्या घरी न विचारता यायचे. इरा चौथीत असताना रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. रविवारी दुखायचं नाही, हे मीनलने कॅलेंडरवर खुणा करून शोधून काढलं. सहा महिने वाट पाहून तिने नोकरी सोडली, इराला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. गणित, विज्ञान, भूगोल तिला जमत होतं. भाषेशी अडलं तेव्हा ती माझ्याकडे आली.

येताना मुलांची एक कादंबरी घेऊन आली होती. जाडजूड, मराठीत अनुवाद केलेली. एका मुलीच्या धाकट्या भावाची झोप कुणीतरी चोरतं आणि ती त्याला पाठीवर घेऊन ती झोप परत आणायला निघते, अशी गोष्ट. वाटेत धुक्यात राहणारी माणसं, बोलणारं धरण, असं सगळं. सोळा प्रकरणं, सोळा आठवडे. "इराने स्वतः निवडलंय, काकू. याच्यावरच तिचं मराठी बसवायचं." मला असल्या पुस्तकांचं फारसं कौतुक नव्हतं. तरी मी माझ्या पद्धतीने आखणी केली: शब्दार्थ, वाक्प्रचार, पात्रांची स्वभाववैशिष्ट्यं, प्रत्येक प्रकरणावर पाच प्रश्न. मीनलने तो कागद नीट वाचला, त्याची घडी केली आणि विचारलं, "ती मुलगी पहिल्या दिवशी किती चालली?"

मला वाटलं, ती गंमत करतेय. पण तिने इराच्या खोलीतल्या भिंतीवर खाकी कागद लावला आणि दोघी मिळून कादंबरीतली वाट त्यावर काढू लागल्या. गाव इथे, नदी तिथे, पूल अमुक ठिकाणी. लेखकाने 'दुपारपर्यंत' लिहिलं असेल तर दुपारपर्यंत किती अंतर कापलं जाईल, त्यांनी बरोबर किती भाकरी घेतल्या, त्या कधी संपल्या असतील... मी एकदा स्पष्टच म्हटलं, "मीनल, हे साहित्य नाही. ही मोजणी झाली." ती म्हणाली, "काकू, नदी किती लांब होती हेच माहीत नसेल, तर तिला भीती किती वाटली ते कसं कळणार?"

जानेवारीतल्या एका रविवारी तिने आम्हाला चालायला नेलं. पुस्तकातला भाऊ तीन वर्षांचा, म्हणजे बारा किलो धरू, असं म्हणून तिने इराच्या जुन्या दप्तरात बारा किलो कांदे भरले. इंदिरानगरहून पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत आम्ही तिघी ते दप्तर आळीपाळीने पाठीवर घेऊन गेलो. माझी पाळी दोनशे पावलांची, इराची पाचशेची, उरलेली सगळी मीनलची. सर्व्हिस रोडवरची माणसं वळून बघत होती. एका ओळखीच्या बाईंनी रिक्षा थांबवून विचारलं, "कुठे सोडू का?" पायथ्याशी बसल्यावर इराने खांदे चोळले. मग म्हणाली, "ती भावावर चिडली असणार. पुस्तकात लिहिलेलं नाहीये, पण मनातून चिडलीच असणार." एकतीस वर्षं मी 'नायिकेचे स्वभावविशेष लिहा' हा प्रश्न घातला. असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मीनलने घड्याळात बघून वहीत वेळ लिहून घेतली आणि परतीसाठी रिक्षा बघायला उठली.

ती फार गोड स्वभावाची होती असं मी म्हणणार नाही. हट्टी होती. तिचे ऱ्हस्व-दीर्घ वाईट होते आणि ते सांगितलेलं तिला आवडायचं नाही. आमचं एक भांडणही झालं. इराने शाळेत परत जावं असं माझं पहिल्यापासून मत होतं. फेब्रुवारीत एका मंगळवारी मी बोलून गेले, "तुला एकटीला करमत नाही म्हणून तू तिला घरी ठेवलंयस." मीनलने कागद गोळा केले आणि वर निघून गेली. पुढच्या मंगळवारी दहाला बेल वाजली. त्या विषयावर ती बोलली नाही, मीही बोलले नाही. बोलायला वेळ आहे असं मी धरून चालले होते. त्यानंतर तीनच मंगळवार मिळाले.

तेराव्याच्या दिवशी देवळ्याची सगळी मंडळी घरात होती. मीनलची आई भिंतीला टेकून बसली होती. दिवसभर ती एवढंच बोलली, "पोरले आते शाळामा टाका." संदीप सातपूरला कंपनीत पाळीवर जातो, त्याला घरी शिकवणं शक्य नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुम्ही सांगा." मी 'हो' म्हटलं. जे मला वर्षभर हवं होतं तेच ठरत होतं, आणि मला त्याचा आनंद झाला नाही. मी फक्त एक विनंती केली: जूनपर्यंत इराला मंगळवारी माझ्याकडे पाठवा, पुस्तक पूर्ण करू. इराने आतून स्पष्ट सांगितलं, "मला नाही वाचायचं ते."

तीन मंगळवार मी दार उघडं ठेवून बसले. चौथ्या मंगळवारी ती आली, खाकी कागदाची गुंडाळी काखेत धरून. आम्ही तो माझ्या हॉलमधल्या जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार शब्दकोश ठेवले. उशीर झाला होता, म्हणून आठवड्याला दोन-दोन प्रकरणं घेतली. प्रश्न मी काढले नाहीत. इरा मोठ्याने वाचायची, अंतर मोजायची, आणि मी तिने सांगितलेले आकडे कागदावर टाकायचे. सोळाव्या प्रकरणात भावाला झोप लागते आणि मुलगी घरी परतते. 'सकाळी तिने पूल ओलांडला आणि संध्याकाळी ती अंगणात पोचली,' असं लेखकाने लिहिलंय. इराने पट्टी लावली, पुन्हा लावली. "आजी, हे चुकलंय. जाताना पुलापर्यंत दोन दिवस लागले होते. येताना एकच कसा? एक दिवस गायब आहे."

मी म्हटलं, शेवटाला लेखक घाई करतात, सोडून दे. तिने सोडलं नाही. वही उघडून ती लिहायला बसली. मी आत जाऊन कुकर लावला. परत आले तेव्हा अर्धं पान झालं होतं. त्यात लिहिलं होतं: 'ती घराच्या अलीकडच्या ओढ्यावर थांबली. भाऊ पाठीवर झोपला होता, त्याला उठवायचं नव्हतं. घरी गेल्यावर सगळे विचारतील की वाटेत काय काय झालं. ते तिला इतक्यात सांगायचं नव्हतं. म्हणून ती पूर्ण दिवस तिथेच बसून राहिली.'

मी दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. मग विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी गेली ना," इरा कागदाची गुंडाळी करत म्हणाली. "ते आहे पुस्तकात."