केमिसात आणि खिंडीपलीकडचा पाहुणा

केमिसातला मी साठ वर्षं ओळखत होते आणि त्यातला एकही दिवस तिने माझ्यावर पुरता विश्वास ठेवला नाही. मी नेलेलं दही ती आधी मांजराला चाटवायची, माझ्यासमोर. मला राग यायचा आणि मी तो बोलून दाखवायचे.

"मांजर मेलं तर कळव."

"तू घरी पोचल्यावर मरेल," ती म्हणायची.

कारण होतं, आणि ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत तिच्या घरी तीन सोव्हिएत शिपाई उतरले. विश्रांतीला आलोत म्हणाले. पाहुण्याला तीन दिवस नाव, गाव, काम विचारायचं नाही, ही आमची रीत. तिच्या आईने तर पंधरा दिवस विचारलं नाही. बटाटा-चीज भरून खिचिनच्या पोळ्या लाटल्या, त्यांचे मोजे रफू केले. आठ मार्चला पहाटे त्याच तिघांनी दारात ट्रक आणला आणि सांगितलं, वीस मिनिटं आहेत, न्यायचं ते घ्या. आमची सगळी बालकार जमात, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, मालगाडीने हद्दपार, दूर किरगिझियात. केमिसात तेरा वर्षांची होती. आई वाटेतच गेली.

आमच्या मागे कुणीतरी नकाशावर रेघ ओढली, आमचं खोरं जॉर्जियाला जोडलं आणि खिंडीपलीकडचे स्वान लोक आणून आमच्या घरांत बसवले. त्यांनाही कुणी विचारलं नसावं. तेरा वर्षांनी आम्ही परतलो, तोवर त्यांना परत पाठवलेलं होतं. केमिसातच्या बापाने कुलूप तोडून आपलं घर घेतलं, मागच्या भिंतीला टेकवून गोठा बांधला. कागद त्याला कुणी दिला नाही, त्याने मागितला नाही. मी शाळेत भूगोल शिकवू लागले. फळ्यावर आमच्या स्वायत्त प्रजासत्ताकाची सीमा काढायची, तास संपला की पुसायची. मुलांना त्यात विशेष काही वाटत नसे. मला वाटायचं.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघ मोडून सहा महिने झाले होते. कोण वेगळं होणार, कुणाची जमीन कुणाकडे जाणार, रोज नवी वावडी. अशा दिवसांत खिंड उतरून एक स्वान केमिसातच्या दारात आला. पंचेचाळिशीचा, पायांत मोठे जुने बूट, पाठीवर जड पिशवी. चार दिवस राहू का, म्हणाला. नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्याकडे आली.

"तो घर मोजतोय."

"कशावरून?"

"मागच्या कोपऱ्यापासून भिंतीलगत पावलं टाकतो. टाचेला अंगठा लावून. गोठ्याच्या भिंतीशी अडतो, परत येतो, परत टाकतो. इथे राहिलेल्यांपैकीच आहे तो. घर मागायला आलाय."

"मग विचार ना त्याला."

"दुसराच दिवस आहे."

"केमिसात, ही रीत घोडेस्वारांच्या काळातली आहे. विचार आणि मोकळी हो."

"माझ्या आईने शिपायांना विचारलं नाही, आणि मी याला विचारू? तू कॉलेजात गेलीस, तुझं सगळं चालतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काल तुळईकडे बघून म्हणाला, घर चांगलं... मी पातेलं पाडलं."

मी हसले, पण तिचंही खरं होतं. पाहुणा ज्याची तारीफ करील ते त्याला द्यायचं, हीसुद्धा आमचीच रीत. लोकांनी कट्यारी घालवल्या आहेत, घोडे घालवले आहेत. घर अजून कुणी घालवलेलं नव्हतं.

मी तिच्याबरोबर गेले. तिने चुलीत मुद्दाम ओलं लाकूड घातलं होतं. चहात आम्ही मीठ घालतोच, तिने तिप्पट घातलं होतं. पाहुणा मुकाट्याने पीत होता.

"मावशी, ही चूल..."

"धूर करते. छप्पर गळतं. हिवाळ्यात इथे माणूस टिकत नाही."

"हिवाळा माहीत आहे मला," तो म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. पिशवी उशाशी घेऊन झोपायचा. तिसऱ्या दिवशी त्या पिशवीतून हातोडा आणि छिन्नी डोकावताना मला दिसली, आणि मी ते केमिसातला सांगितलं. सांगायला नको होतं. दिवसभर ती उंबऱ्यावर बसून कुऱ्हाडीने फोडलेलीच लाकडं पुन्हा फोडत होती.

चौथ्या सकाळी तिने मला बोलावलं. "कागद काढला तर तू वाच. मला फसवतील."

पाहुण्याला तिने समोर बसवलं. "तीन दिवस झाले. कशाला आलात?"

त्याने सुस्कारा सोडला. "कधी विचारता याची वाट बघत होतो. यजमानाने विचारल्याशिवाय काम सांगायचं नाही, असं आमच्याकडे आहे. मी सोरेख. या घरात जन्मलो. माझी बहीण इथे आहे."

"इथे कुणी नाही. मी एकटी राहते."

"एक्कावन्नच्या जानेवारीत गेली. आठ महिन्यांची होती. जमीन दगड झाली होती, पहार शिरेना. चुलीमागे भिंतीबाहेरची माती तेवढी उबेने मऊ होती, बाबांनी तिथे पुरलं. कोपऱ्यापासून अकरा पावलं. हे बूट त्यांचेच आहेत. अकरावं पाऊल तुमच्या गोठ्यात पडतं." थांबून म्हणाला, "आई अजून आहे. म्हणते, तिला हलवू नकोस. एक दगड बसव, नाव घाल."

मी केमिसातकडे पाहिलं.

"नाव नाही," ती म्हणाली.

"केमिसात, अगं, आठ महिन्यांचं पोर..."

"तू गप्प. तुझ्या घराला कागद आहे." मग त्याच्याकडे वळून, "आम्ही परत आलो तेव्हा साहेबाला काय दाखवलं? कबरी. आमची माणसं इथे आहेत, म्हणून जमीन आमची. आज तू नाव कोरशील, उद्या तुझा मुलगा ते दाखवील."

"मला घर नको, मावशी."

"ते शिपाईही म्हणाले होते, काही नको."

"मग काढून नेऊ तिला?"

"नाव काय होतं?"

"मारो."

"माझ्या आईला डब्यातून उतरवून रुळांलगत बर्फात ठेवलं. तिथे कुणी पावलं मोजली नाहीत." ती उठली. "दगड बसव. अक्षर एकही नको."

तिने गाय बाहेर काढून पॉप्लरच्या झाडाला बांधली. सोरेख दुपारपर्यंत दगड घडवत होता आणि ती स्टूल टाकून त्याचे हात बघत होती. छिन्नी जरा वळली की म्हणायची, "हं, सरळ." निघताना तिने त्याच्या आईसाठी चीजचा गोळा दिला.

"आईला सांग, गोठा माझा आहे."

"आणि मारो?"

"ती तिची."

गाय त्या कोपऱ्यात पुन्हा बांधली गेली नाही. कुणी दगडाचं विचारलं तर केमिसात म्हणायची, मेंढ्यांना मीठ घालायचा आहे. तिच्याकडे मेंढ्या नव्हत्या. एकदा मी न सांगता गेले तर ती ओल्या फडक्याने तो पुसत होती.

"काय करतेस?"

"कुणी अक्षर कोरलंय का बघते," ती म्हणाली. "तू कशाला आलीस?"