समस्येचा रकाना

शालेय समुपदेशनाच्या कोर्समध्ये मुलांशी बोलायला आठवड्यातले दोन दिवस होते आणि ते बोलणं पोर्टफोलिओत सजवायला उरलेले सगळे. आमच्या मार्गदर्शक मॅडम ‘सहानुभूती’वर तासभर बोलायच्या आणि मग चहाला उशीर झाला म्हणून शिपायाला सगळ्यांसमोर झापायच्या. फाइल जाड हवी, कव्हर रंगीत हवं आणि ‘प्रत्यक्ष समुपदेशन चालू असतानाचे’ फोटो हवेतच, असा त्यांचा दंडक होता.

माझ्या सहाध्यायिनींनी लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर ठरवला. एका शनिवारी त्यांच्यापैकी एकीच्या सरावाच्या शाळेत, शाळा सुटल्यावर, तिथल्या मुख्याध्यापिकांचा गुटगुटीत भाचा खुर्चीत बसवून सगळ्यांचे फोटो झाले. एकीच्या फाइलीत तो परीक्षेच्या ताणानं खचलेला, दुसरीच्या फाइलीत मोबाइलच्या आहारी गेलेला. फोटोग्राफर म्हणायचा, मॅडम, हात खांद्यावर ठेवा, जरा काळजीनं बघा. आणि त्या बघायच्या. उद्या याच बायका कुणाच्या तरी मुलांचं मन जाणणार होत्या. मी फोटो न काढताच घरी आले.

मला सरावासाठी मिळालेली शाळा अक्कलकोट रोडला होती. तिथं आठवीतली एक मुलगी माझ्याकडे पाठवली गेली. मूळची मैंदर्गीची, घरात कन्नड, शिक्षणासाठी सोलापुरात मामाकडे राहिलेली. दिवाळीनंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिला मराठी शिकवणारे सर तिचे वर्गशिक्षकही होते. ती घुमी आहे आणि डोक्यानंही बेताचीच, असा निकाल त्यांनी आधीच देऊन टाकला होता.

पहिले काही दिवस ती नुसती बसून राहायची. मीही बोलायचा आग्रह केला नाही. मग एकदा तिनं दाराकडे बघत विचारलं, “मॅडम, मागच्या वर्षीच्या मॅडमसारखं फोटो काढणार काय?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग सांगते की. मी वाचलं तर सर माझ्यासारखं बोलून दाखवतात. ‘शाळा सुटला, बस आली नाही म्हणून मी चालत आला,’ असं. मग सगळे हसतात.”

एवढंच होतं. तिला कुठलाही आजार नव्हता. घरी ती मामीशी भांडायचीसुद्धा, तेही मोठ्या आवाजात.

मी सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. त्यांनी भजी खाता खाता ऐकलं. आपण वर्ग हसता ठेवतो, हल्लीची मुलं फार हळवी झाली आहेत, तुम्ही नव्या आहात, असं बरंच काही ते बोलले. भाषेचे शिक्षक म्हणून त्यांचा सत्कार झालेला होता आणि त्याचा फोटो त्यांच्या डोक्यामागेच लावलेला होता. मी त्यांना सांगितलं, “सर, तुमच्या नकला थांबल्या की ती बोलेल. तिला दुसरं काही झालेलं नाही.” त्यांनी बोटं पुसली आणि ते तासाला गेले.

मी पोर्टफोलिओत ‘समस्या’ या रकान्यात लिहिलं: शिक्षक विद्यार्थिनीच्या बोलण्याची नक्कल करतात. मार्गदर्शक मॅडमनी ती ओळ लाल पेनानं खोडली. समस्या नेहमी विद्यार्थ्याची असते, असं त्यांनी समजावलं आणि वर ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असं लिहून दिलं. शाळा नाराज झाली तर पुढच्या वर्षी आपल्या मुलींना सरावाला घेणार नाही, हेही त्या बोलून गेल्या. मी नवं पान टाइप केलं आणि माझी जुनीच ओळ ठेवली.

तोंडी परीक्षेला आलेल्या गृहस्थांनी फाइल हातात धरून वजनाचा अंदाज घेतला. फोटो नाहीत, असं म्हणाले. का नाहीत, ते विचारलं नाही. मला काठावरचे गुण मिळाले. गुटगुटीत भाच्याच्या ताणावर मात करणारी फाइल पहिली आली आणि तिची मालकीण आता पुण्यात पालकांसाठी कार्यशाळा घेते.

सरांच्या नकला मात्र थांबल्या. आपलं वागणं कुठल्याशा फाइलीत लिहिलं गेलंय आणि ती फाइल वर जाणार आहे, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. लाज वाटून ते बदलले, असं मी कधीही म्हणणार नाही. ती घाबरलेल्या माणसाची शिस्त होती. मुलीला तेवढी पुरली.

सरावाच्या शेवटच्या आठवड्यात मी व्हरांड्यातून जात होते तेव्हा ती धडा वाचत होती. अडखळत, लिंगाच्या चुका करत, पण न थांबता. सर खिडकीबाहेर बघत उभे होते. पान संपलं तेव्हा ते नुसतं “बस” म्हणाले आणि ती खाली बसली.